सातवं पीस

राजारामपुरीत, सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये
ते चित्र लागलंय. वीतभरच.
चारशे वर्षांमागचं, हॉलंडातलं, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं.
घुबड मास्तर झालंय. नाकावर चष्मा,
भर दुपारी पुढ्यात पेटती मेणबत्ती,
समोरच्या बाकावर बदकं, एक माकड लिहून घेणारं,
आणि शेवटी गाढव.
त्याचं पुस्तक उलटं आहे,
मान डोलावणं मात्र अगदी सुलटं.

डॉ. हेर्लेकर सर पाऊण तास बोलतायत.
त्यातली वीस मिनिटं माकडाच्या डाव्या हातावर:
डाव्या हातातली लेखणी म्हणजे प्रस्थापित ज्ञानाला नकार,
पोथीच्या पोटात पेरलेला सुरुंग.
आणि घुबडाच्या भुवईवरची सात पिसं
म्हणजे, लक्षात घ्या, सप्तविद्या.
आम्ही लक्षात घेतलं.
मी वहीत 'सात'खाली दोन रेघा मारल्या.

कासिम शिकलगार शिडीशी ताटकळलेत.
एक फ्रेम टांगायची राहिलीय, आणि गुजरीत
साजाचे ठसे अर्धवट टाकून आलेत.
तोंडातले खिळे तळहातावर काढून म्हणाले,
"सर, पत्र्यावर त्यो उजव्याच हातानं लिवतोय.
छापलं की डावं हुतंय.
पत्रिकेचा गणपती कोराय घेतला की आमी बी
सोंड आदी उलटीच काढतोय."

पंखा तेवढा बोलत राहिला.
मग सर हसले, गच्चीवरून खाली बघून हसावं तसे.
"मी त्याच मुद्द्याकडे येत होतो."
आणि खरंच आले.
सुरुंग होता तिथे आरसा बसवला,
नकार होता तिथे नकाराचा नकार,
आणखी वीस मिनिटं.
बदकांनी,
म्हणजे आम्ही, टाळ्या वाजवल्या.

मग चहा. गुळाचा.
"साखरेचा नाही का?" सरांनी विचारलं.
मला एक म्हण आठवली होती,
पण गाढवाला मी बाकावरच बसू दिलं.

गाडी आली, सर गेले.
कासिमचाचांनी चष्मा कपाळावर ढकलला,
नाक काचेला लागेल इतके वाकले,
बराच वेळ काही बोललेच नाहीत.
मग हळूच, "ताई, पिसं साच हाईत.
ही सातवी बगा. बुडाला जाड, टोकाला तुटल्याली.
सळई घसरली पोराची.
मग बाजूनं दोन बारीक रेघा दिऊन
पीस केलंय तिचं.
थंडी आसंल. न्हाईतर मालक
मागं हुबा राहून बगत आसंल."
आणि स्वतःच्या अंगठ्यावरचा जुना व्रण
दुसऱ्या अंगठ्यानं चोळत राहिले.

घरी आल्यावर वही उघडली.
'सात'खालच्या दोन रेघा खोडल्या नाहीत.
बाजूनं आणखी एखादी दिली
तर त्यांचं काही होतंय का,
बघत बसले.