नखाची खाच

तीन पाती, पिवळी मूठ.
मोठं पातं दोरासाठी, मधलं वासरांच्या कामाला,
धाकटं काटे काढायला,
आणि दुपारी सफरचंद सोलायलाही तेच,
विजारीला पुसलं, न पुसलं करून.
थर्लोच्या प्रत्येक जीन्सवर उजव्या खिशापाशी
एक फिका, लांबट ठसा आहे. धुऊन जात नाही.
नवी जीन्स आणली तरी महिन्याभरात तोच.

पोलाद साधं. गंजतं.
सफरचंदानं काळं पडतं, रक्तानं निळसर.
न गंजणारा घे, असं सांगणारे येऊन गेले.
त्यांना तो म्हणायचा,
ज्याला गंज चढत नाही
त्याला धारही लवकर चढत नाही.
रविवारी चर्चहून आला की मागच्या पायरीवर बसून
दगडावर थुंकायचा आणि परजत राहायचा.
एकतीस वर्षांत मोठं पातं झिजून अर्धं झालं,
माशाच्या काट्याइतकं.
उरलेलं अर्धं इथेच असणार,
नेब्रास्काच्या या वाळूटेकड्यांत,
चिमूट चिमूट.

मग ती आठशे बारा नंबरची गाय.
खोगिराच्या शिंगाला दोराचा वेढा टाकताना
अंगठा आत राहिला.
डाव्या हातानं उजवा खिसा चाचपून
त्यानं दातांनी पातं उघडलं, दोर कापला.
अंगठा हातमोज्यातच सापडला.
नॉर्थ प्लॅटच्या डॉक्टरनं मान हलवली.
परतताना थर्लो म्हणाला, मोजा मात्र चांगला होता.

डेन्व्हरहून मुलानं एका हाताचा चाकू पाठवला.
बटण दाबलं की झर्रकन उघडणारा, काळा, रुबाबदार.
तो ड्रॉवरमध्ये आहे,
संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी.

जुन्याचं तसं नाही.
पात्याच्या पाठीशी चंद्रकोरीएवढी खाच,
तिच्यात नख रोवायचं, आणि ओढायचं.
कमान ताठ. चार बोटांत मूठ ठरत नाही.
म्हणून चाकू माझ्यापुढे येऊ लागला,
गोठ्यात, कुंपणाशी, कणीक मळताना.
मी हात पुसायचे, उघडायचे, द्यायचे.
त्यानं कधी आभार मानले नाहीत.
स्वतःच्या अंगठ्याचे कोण मानतं?

या जानेवारीत त्यानं उत्तरेचं कुरण विकलं.
मला विचारलं नाही.
कागदावर सही झाल्याचं मला
दुकानात पीठ घेताना दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.
त्या रात्री मी बोललेच नाही.
न्हाणीघरात गेले
आणि उजव्या अंगठ्याचं नख
पार मुळापर्यंत कापून टाकलं.

पाच दिवस घरात फक्त रेडिओ बोलला.
सहाव्या दिवशी उणे बावीस.
गवताच्या भाऱ्यांवरची सुतळी गोठून तारेसारखी,
गुरं फाटकाशी दाटलेली, पाठींवर बर्फ.
तो आला. चाकू पुढे केला.
मी अंगठा दाखवला.

त्यानं बराच वेळ पाहिला.
मग दोन्ही गुडघ्यांत डावी मूठ आवळून
त्यानं चाकू धरला, आणि मी चिमटीत पातं.
तो खाली ओढत होता, मी वर,
लग्नापासून ओढतोय तसेच उलट्या दिशांना.
बोटं दोनदा निसटली. तिसऱ्यांदा
टक्.

सुतळ्या कापल्या. गवतातून वाफ आली,
मागच्या जूनचा वास.
गुरं खाऊ लागली.

मिटायला त्याला कुणी लागत नाही,
मांडीवर टेकवून मिटतो.
तरी त्या दिवशी त्यानं तो उघडाच माझ्यापुढे धरला,
पातं स्वतःकडे, मूठ माझ्याकडे.

कुरणाचं मी विसरलेले नाही.
नख मात्र वाढतंय.