चौथी फ्रेम

लोटू फेगड्यांच्या स्टुडिओत, जामनेर रोडला,
काउंटरच्या काचेखाली एक फोटो आहे:
भुसावळ स्टेशन, बासष्टचा मे,
गाडी इंजिन बदलायला थांबलेली
आणि बाकावर दोन नट्या,
मंजुलता आणि गुलशीरीन.

मासिकं तेव्हा लिहायची, या दोघींचं
एका मेकअपरूममध्ये जमत नाही.
फोटोत मात्र गालाला गाल.

मी लहानपणापासून हा फोटो वाचत आलेय,
कुणी पत्रिका वाचतं तसा.
मंजुलताचा हात गुलशीरीनच्या खांद्यावर,
पण बोटं? बोटं टेकलेली नाहीत,
तवा तापला का बघताना धरतो तशी
वरच्या वर.
गुलशीरीनची हनुवटी कॅमेऱ्याकडे,
गुडघे मात्र शेंगदाणेवाल्याच्या दिशेने.
दात दिसतात. हसू डोळ्यांपर्यंत चढलेलं नाही.
म्हणजे मासिकं खरी,
असं मी ठरवून टाकलं
वयाच्या तेराव्या वर्षी.

पण माझ्याकडेही एक फोटो आहे.
दहावीचा निरोप समारंभ, मी आणि सकिना तडवी,
गळ्यात गळा, वेण्या एकमेकींत अडकलेल्या.
बघणारा म्हणेल, काय जीव आहे!
आमच्या अबोल्याचा तो सतरावा दिवस होता.
लोटूकाकाच म्हणाले होते,
"सरका वं पोरीहो, जवय सरका,"
आणि आम्ही सरकलो.
शरीर काय, सांगेल त्याचं ऐकतं.

परवा काका निगेटिव्हचे डबे काढून बसले होते.
मी त्या दिवसाची पट्टी खिडकीशी धरली.
काळे दात, पांढरे केस,
दोघी एकदम म्हाताऱ्या.
पहिल्या तीन फ्रेम, काचेखालच्यासारख्याच.
चौथीत "रेडी" संपलेलं, पोझ सुटलेली,
बटण चुकून दाबलं गेलेलं.
मंजुलता हमालाकडे बघतेय,
गुलशीरीन वाकून चपलेचा अंगठा,
दोघींच्या मधे चांगलं वीतभर अंतर
आणि त्या वीतभर जागेत
सोललेलं अर्धं केळं,
एका हातातून निघालेलं,
दुसऱ्याने न बघता घेतलेलं.

न बघता हात तिथेच जातो
जिथे तो आधी पुष्कळदा गेलेला असतो.
की नुसती भूक होती?
उन्हाची, चार तासांच्या गाडीची?

"काका, ही का नाही लावली?"
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कोनाले इकतो ती?
तोंडं हाललेली. नुसतं केयंच तं फोकसमधी आलं."

घरी येऊन यावलला सकिनाला फोन लावला.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
"थांब गं, वांगं जळतंय," ती म्हणाली,
आणि फोन न कापता
तसाच ओट्यावर ठेवून गेली.
साल तडकल्याचा आवाज. पळी. तिची खोकल्याची जुनी सवय.
मी कानाला लावून बसले.