दात कोरून

एल्गोइबारला, देबा नदीच्या वळणावर,
आमच्या कारखान्याच्या तळघरात
सुट्या भागांचं खातं मी सांभाळते.
बावीस वर्षं.
वर नव्या यंत्रांची विक्री, काचेच्या भिंती;
खाली ग्रीसचा वास, लाकडी खण
आणि ज्यांचं उत्पादन बंद झालं
त्यांची नावं.

मार्चमध्ये बिल्बाओहून एक सल्लागार आला.
त्यानं फळ्यावर टेकडी काढली:
इथे जन्म, इथे वाढ, इथे ऐन भर,
आणि मग उजवीकडचा उतार.
उतारावर आमचं जुनं लेथ ठेवलं,
खडूनं, एवढंसं.
बोलण्याचा मथितार्थ: सुट्या भागांवर जगणं म्हणजे
दात कोरून पोट भरणं.
सगळे हसले. मीही हसले.
माझ्याकडे मोजून चार हजार दात होते,
खणाखणांत, तेल लावून ठेवलेले.

त्याच आठवड्यात रोसारियोहून खोकं आलं.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक दातेरी चाक,
आणि चिठ्ठी: हे एकसष्ट सालचं. वडिलांनी घेतलेलं.
असंच दुसरं पाठवा. घाई नाही,
यंत्र चालतंय अजून, फक्त कण्हतं.
ओस्वाल्दो बेर्तोनी.

असंच दुसरं खणात नव्हतं.

चाक वर नेलं, आइनित्झेकडे.
सव्वीस वर्षांची पोर; नव्या यंत्राचा गिअरबॉक्स
आठ महिने तिच्या टेबलावर किंचाळत होता.
तिनं चाक भिंगाखाली धरलं.
कॉफी निवली.
मग म्हणाली, गार्बिन्ये, बघ,
प्रत्येक दात एकाच बाजूनं, एकाच बाकानं गेलाय,
साठ वर्षं कुणी सावकाश कानस मारावी तसा.
तो बाक तिनं मोजला. केसाहून बारीक.
नव्या नकाशात उतरवला.

ऑगस्टमध्ये, सगळं गाव सुट्टीवर असताना,
चाचणी झाली. आवाज उतरला.
पूर्ण गेला नाही;
राजम्याच्या हंडीवर झाकण थरथरतं, तेवढा राहिला.

माहितीपत्रकात छापलंय: संपूर्ण नवं तंत्र.
असू दे.
ओस्वाल्दोला मी नव्या बाकाची दोन चाकं पाठवली,
पैसे एकाचेच लावले,
आणि त्याचं जुनं ठेवून घेतलं,
त्याला न विचारता.

खणावर चिठ्ठी लावायची होती.
‘बंद’ लिहिलं, खोडलं.
‘चालू’ लिहिलं, तेही पटेना.
दुसरी चिठ्ठी चिकटवली.
अजून कोरीच आहे.