चारास तीन

दुपारी गीता भवनकडून लोकेंद्रचा फोन आला.
'दीदी, बच्चे का सिर चपटा दिख रिया है.'

मशिन नवं होतं. बाळही ठीक होतं.
बिलाची यादी झाकायला त्यानेच खिडकीची
उजवी कड धरून पडद्याच्या टोकापर्यंत ओढली होती,
आणि आतलं चित्र, गरीब स्वभावाचं,
निमूट रुंद होत गेलं.

देवासहून आलेली बाई
मान वळवून तेच बघत होती.
डॉक्टर सरमंडल आत येईपर्यंत दहा मिनिटं
तिच्या पोटात होतं
माझ्या प्रोग्रामने लाटलेलं डोकं.
ते तिला म्हणाले, कम्प्यूटर की गलती है.
कम्प्युटरची नव्हती.

रात्री रामबागेत पंखा दोनवर ठेवून बसले.
पहिला उपाय सोपा:
ओढून झाली की मागून उंची दुरुस्त करायची.
झाली. पण खिडकी थरथरायला लागली.
हात सांगतो एक, मी सांगते दुसरं,
वाऱ्यात सैल कडी वाजावी तशी ती मधे.

नंतर दुरुस्त करून भागत नाही.
हाताने जागा मागितली आहे
आणि ती अजून मिळालेली नाही,
त्या सांदीत एक निरोप येतो:
एवढा चौकोन करू का?
आकडा तिथेच बदलायचा. रंग लागायच्या आधी.

उजवी कड ओढली तर खालची सोबत येईल.
खालची ओढली तर उजवी.
डावी ओढली तरी वरची जागची हलू द्यायची नाही,
नाहीतर खिडकी उगाच वर चढते.
आणि कोपरा धरला तर
कोणाचं ऐकायचं?
पाऊण तास चघळला हा प्रश्न.
रुंदीचं ऐकायचं ठरवलं. कारण विचाराल तर नाही.

दोन वाजता हातातली बांगडी काढून
पडद्यावरच्या वर्तुळावर टेकवली.
जवळजवळ बसली.
जवळजवळ.

चारास तीन मी बाहेरच्या चौकटीला लावलं होतं.
वरची नावाची पट्टी, कडांची जाडी,
ही काही बाळाच्या अंगात धरायची नसते.
आधी वजा करायची, मग गुणायचं,
मग परत मिळवायची.
एवढी साधी गोष्ट. शाळेत पेढे वाटतानाची.
बांगडी पुन्हा टेकवली,
खिडकी लहान करत, मोठी करत,
वर्तुळ प्रत्येक वेळी तिच्या बाहेर किंवा आत,
पण गोल.

सकाळी लोकेंद्रने कड धरून ओढली.
'दीदी, ये तो अड़ रिया है.
बिल की लिस्ट फिर दिखने लगी.'
अडू दे, म्हटलं.
यादी दुसरीकडे हलव.

देवासच्या बाईचा नंबर
त्याच्याकडे होता. मागायचा
राहिला.