राखीव

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
भाडं कमी, कारण खाली तीन कॉम्प्रेसर.
खिडकीत वाळत घातलेल्या ओढण्यांना
दुसऱ्याच दिवशी सुक्या जवळ्याचा वास.

कंपनी पुण्याची. माझं काम नखाएवढं:
प्रोसेसरच्या आत बसणाऱ्या एका छोट्या मॉडेलला शिकवायचं,
पुढच्या दोन मिलिसेकंदांत काय येऊन आदळणार आहे,
कुठल्या कोअरला उठवायचं, कुणाला निजू द्यायचं,
किती व्होल्ट, आणि कधी.

पहिल्या आठवड्यात ते आळशी निघालं.
वीज वाचली की मी गुण द्यायची,
तर त्यानं सगळ्यांनाच झोपवलं
आणि बसलं गुण मोजत.
उशिराचा दंड वाढवला, तर घाबरट झालं:
माशी हलली तरी आठच्या आठ कोअर
दिवे लावून दारात उभे.

खाली दाऊद वस्ता, एकतीस वर्षं.
भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीनं भरतीच्या वेळा.
भांगाला एक कॉम्प्रेसर, उधाणाला दोन,
शुक्रवारी होड्या किनाऱ्याला, तेव्हा एकच, तोही कुरकुरत.
आणि तिसऱ्याचा खटका तो ओढतो
भगवतीच्या टोकाला एकही दिवा दिसत नसताना.
कसं कळतं, विचारलं.
"कलत नाय. चुकतं.
चुकलं का ध्यानात ऱ्हातं."

एकदा बिल वाचवायला तिसरा बंद ठेवला होता.
वारं फिरलं, सतरा होड्या भर दुपारी आत.
शौकत होडेकराचा बांगडा
टोपल्यांतच मऊ पडला, खताला गेला.
त्याच्या बहिणीचं लग्न होतं त्या महिन्यात.
एवढं सांगून वस्ता नळाखाली हात धुवायला गेला
आणि बराच वेळ धूत राहिला.

तेव्हापासून एक लादी तो मागे ठेवतो, भुशात.
विकत नाही. वितळली की दुसरी.
मालकाच्या वहीत ती कुठेच नाही.

त्या रात्री मी मॉडेलच्या नियमांत एक ओळ घातली:
एक कोअर नेहमी अर्धा डोळा उघडा.
आकडे बिघडले, साडेतीन टक्क्यांनी.
पुण्याहून विचारणा आली, हे कशासाठी?
लिहिलं, अनपेक्षित भारासाठी राखीव.
बांगड्याचं लिहिता आलं नाही.

आत्ता लाइट गेलेत.
कॉम्प्रेसर एकेक करून गप्प झाले,
इतके, की धक्क्यावरचं पाणी ऐकू येतंय.
बॅटरी अकरा टक्के. लॅपटॉपवर माझंच मॉडेल, चाचणीचं.
पंखा थांबवलाय त्यानं.
अक्षरं किंचित मागे राहून उमटतात,
मीही कुठे घाईत आहे.
सात जण झोपलेत.

खाली टॉर्चचा गोल भिंतीवर हलतो,
भुसा सरकवल्याचा आवाज.
मी जिन्यावरून विचारते, आहे का?
थोडा वेळ काहीच नाही.
मग वस्ता: "हाय गो. हाय अजून."