उलटं नाव

तीस वर्षं मी वेंगुर्ल्याच्या पोस्टात शिक्के मारले.
थाड थाड. तारीख, गाव. तारीख, गाव.
म्हणून मला वाटलं होतं, छापणं आपल्याला येतं.

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
मंगळवारी, शनिवारी जमतो आम्ही नऊजण.
यंत्र नाही. कागदाच्या पाठीवर करवंटी फिरवायची,
गोल, धीराने,
तापलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.
हलीमाची करवंटी घासून घासून
तसबीहच्या मण्यासारखी झाली आहे,
ती कुणाला देत नाही.
शाई वाळत नाही. या हवेत काहीच वाळत नाही,
मिठाच्या बरणीलासुद्धा पाणी सुटतं.

इनासने फळी आणली, उंडीची,
मोडीत काढलेल्या स्वतःच्याच होडीची.
तिच्यावर होडीचं नाव कोरलं, रोझारी.
सुलट कोरलं.
कुणी सांगितलं नाही,
की सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही,
यावर अजून वाद आहे.
कागद उचलला तर
शिरोरेखा तेवढी जागच्या जागी,
खालची सगळी अक्षरं पाठमोरी,
मिसाहून घरी निघालेल्या माणसांसारखी.
आणि नावाभोवती पांढरे ठिपके, शेकडो.
हे कधी कोरलंस रे?
"ता माझा न्हय. किड्याचा."

प्रदर्शन मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये.
सकाळचा लिलाव आटपला की चारपर्यंत शेड आमची,
सोसायटीने तोंडी सांगितलं.
जाळ्याची दोरी, कपड्यांचे चिमटे,
आणि प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने
पाचातलं पहिलं, पाचातलं दुसरं.
शेवंती तांडेल पाटी डोक्यावर ठेवूनच फिरली,
हलीमाच्या सुरमईसमोर थांबली.
"मासो सोडून त्येची सावली इकतास?
किलोक काय भाव?"

कॉलेजातले एक सर इनासला म्हणाले,
नाव उलटं आलंय हो.
इनासने विडी कानामागे खोचली.
"भुतूर बसणाऱ्याक नाव असाच दिसता."
सर हसले. मग हसायचे थांबले.

होड्या त्या दिवशी साडेतीनलाच लागल्या.
पळापळ, चिमटे, चित्रं काखेत,
आणि रोझारीची पाचवी प्रत,
सकाळीच छापलेली, ओलीच,
माझ्या हातून सुटून ओट्यावर पालथी पडली.
वर कुणाचा तरी गमबूट.
उचलली तर कागद गेला होता.
पण सिमेंटवर, फिकं,
एकेक अक्षर आमच्याकडे तोंड करून:
रोझारी.

इनास वाकून बराच वेळ बघत राहिला.
"आता भायरसून दिसता," म्हणाला.
तेवढ्यात शेवंतीने त्यावर पाटी टेकवली.

यादीत मी लिहिलं:
पाचातलं पाचवं, लिलावाच्या ओट्यावर, विक्रीस नाही.
सवयीने खाली तारीख घातली.
बांगडा तोवर दोनशे ऐंशीवर गेला होता.