श्वास नंतर

अकुरेरीच्या उघड्या तलावात
पाण्याला वाफ, काठावर बर्फ.
चौथ्या लेनमध्ये स्टेनार, वय त्रेपन्न.
तीस वर्षं बोटीवर, पोहायला शिकला नाही.
बुडायचंच तर झटपट बुडावं,
म्हणायचे जुने खलाशी.

एकोणीस वर्षांची एय्दिस ओरडते :
“पाण्याला मारू नका, पकडा!
कोपर वर. श्वास नंतर.”

पकडणं त्याला ठाऊक आहे.
जाळं ओढावं तसा तो पाणी ओढतो,
पाय तेवढे घाबरट,
घोट्यापासून ताठ.

नऊ हात. दहा. छातीत भट्टी.
अकराव्याला तोंड वळतंच.

“सव्वीस सेकंद. काल अठ्ठावीस होते.”

भिंत धरून तो खोकतो, हसतो,
टोपीवर बर्फ भुरभुरतो.
मग म्हणतो, माझा भाऊ काही
झटपट बुडाला नव्हता.

एय्दिस घड्याळ शून्यावर आणते.